आधी जेवण, मग सही

मला राग लवकर येतो. आई सांगायची, जन्मले तेव्हा मी रडले नाही, भांडले. अकोल्याला नर्सचं शिक्षण संपलं तेव्हा मॅट्रनबाईंनी दाखल्यावर ‘कामात तरबेज’ असं लिहिलं आणि तोंडी सांगितलं, “इंदू तायडे, जीभ जरा दातांच्या आत ठेवत जा.” तेवढं मात्र जमलं नाही.

सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये माझी नेमणूक मोर्शी तालुक्यातल्या चिंचझिरीला झाली. नव्या विकास योजनेत गावाला बाळंतपणाचं केंद्र मंजूर झालं होतं. मी मोटारीतून उतरले आणि केंद्र पाहायला गेले, तर गुडघाभर उंचीचं जोतं आणि त्यासमोर एक पाटी. पाटी फार सुरेख होती. भिंती, छप्पर, खाट, औषधं आणि माझा पगार, एवढं फक्त यायचं राहिलं होतं.

त्याचं कारण साधं होतं. चार महिन्यांपूर्वी आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं. माणसं, बैल, संत्र्याची झाडं, सगळी जागच्या जागी राहिली. फक्त फायली प्रवासाला निघाल्या. आमच्या योजनेची फाईल नागपूरहून निघाली होती एवढं नक्की होतं. ती कुठल्या पोत्यात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वरच्या हापिसातून पत्र आलं: ‘अनुदान प्राप्त होईपर्यंत स्थानिक पातळीवर अंतरिम व्यवस्था करावी.’

सरपंच खुशालराव पाटलांनी ते पत्र चावडीवर तीनदा वाचलं. ‘अंतरिम’ या शब्दावर त्यांचा जीवच जडला. बैलगाडीला शेजाऱ्याचं चाक लावलं की ते अंतरिम चाक. जावई चार दिवस जास्त राहिला की तो अंतरिम मुक्काम. एकदा नवी वहाण चावत होती म्हणून ते बायकोच्या चपला घालून चावडीवर आले, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, “अंतरिम हाय.”

माझ्यासाठी ठरलं ते असं: पगार येईपर्यंत रोज एका घरची पाळी. गावात आमच्या समाजाची वस्ती सोडून एकशे चाळीस घरं. सुरुवात वेशीकडून, शेवट सरपंचांच्या घरी.

पहिल्या दिवशी देवमनच्या घरची पाळी होती. सकाळी त्याचा गडी सुपात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, दोन वांगी आणि वाटीभर तेल घेऊन आला. सूप त्याने माझ्यापासून चार हात लांब ठेवलं आणि मागे सरकला. मी समजले. आम्ही आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात बौद्ध झालो होतो. आम्ही बदललो होतो. सूप ठेवायची जागा बदलली नव्हती.

मी ते सूप उचललं आणि तशीच चावडीवर गेले.

“पाटील, मले शिधा नोको,” मी म्हणाले. “बाळंतपनं करू का चूल फुकू? शिजवलेलं जेवन पाहिजे. अन् ज्याची पाळी त्याच्या घरी बसून पाहिजे. नाई तं उद्याच्या मोटारीनं मी चालली अकोल्याले.”

गावात तेव्हा चार बायकांचे दिवस भरत आले होते, आणि खुशालरावांची सून वच्छला, पहिलटकरीण, तिसऱ्या महिन्यात होती. मागच्या साली गावात दोन बाळंतिणी गेल्या होत्या. खुशालरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली आणि म्हणाले, “ल्याहा मंग ठराव.”

मी तिथल्या तिथे आणखी एक कलम घालायला लावलं: ‘नर्सबाई व त्यांची मदतनीस’. सरकारचंच म्हणणं होतं की गावच्या सुइणीला हाताशी धरून शिकवावं. खुशालरावांना ठराव जितका लांब तितका आवडायचा, त्यामुळे त्यांनी मदतनीस कोण हे विचारलंही नाही.

मदतनीस म्हणजे पार्बताबाई. आमच्याच वस्तीतली, साठीची, हाडकुळी, आणि हसली की तोंडात समोरचा एकच दात. मी तिच्याच घरात राहत होते. चाळीस वर्षं ती गावची सुईण होती. ठरावाची बातमी सांगितली तेव्हा ती पोटावर हात ठेवून हसली.

“या गावातलं एक एक पोट्टं पयले माह्या हातात आलं वं,” ती म्हणाली. “खुशाल्याचंही पोट्टं माह्याच हातचं. मांगच्या दारानं बाळंतिनीच्या खोलीत जाचं, मांगच्या दारानं बाहेर याचं. मंग आंगनात बसाचं. भाकर भेटते, खोटं कायले बोलू? पन चुलीपासून आंगनात येईपर्यंत थंडी होऊन जाते. तव्यावरून उतरली अन् ताटात पडली, अशी भाकर या गावानं मले एकडाव देल्ली नाई.”

ती हसत हसतच म्हणाली. मला मात्र कानशिलं तापल्याचं कळलं. मी उभी राहिले आणि शपथ घेतली, “माहा पगार याच्या आत तुले या गावात कोनाच्या तरी चुलीपुढं बसून गरम भाकर खाऊ घालतो. नाई तं नावाची इंदू तायडे नाई.”

“तुहा पगार येऊ दे माय पयले,” पार्बताबाई म्हणाली.

मग सुरू झालं ते जेवणपर्व. देवमनने मला अंगणात लिंबाखाली बसवलं. मी चटई उचलली आणि दोन हात पुढे सरकवली. देवमन बघतच राहिला. मी सरकारी रजिस्टर उघडलं. त्यात बाळंतिणींसाठी रकाने आखलेले होते, आणि बाळंतीण अजून एकही नव्हती. म्हणून मी लिहिलं: ‘देवमन. वांग्याची भाजी. चुलीपासून सोळा हात.’

एखाद्या घरी पाळीच्या दिवशीच घरधन्याला ताप यायचा. पंजाबरावांना तर इतका आला की ते सकाळपासून गोधडी पांघरून कण्हत होते. पण मी नर्स. थर्मामीटर घेऊनच गेले, त्यांच्या काखेत लावला आणि घड्याळ धरून उभी राहिले. “ताप नाई, बुवा. वाढा पान,” मी म्हणाले. पंजाबराव गोधडीतून निघाले आणि स्वतःच पाट शोधू लागले. त्यानंतर गावातली तापाची साथ आटोक्यात आली.

खरी गंमत पुढेच झाली. वऱ्हाडी माणूस एकदा का पाहुण्याला ताट वाढायला बसला, की त्याला मागच्या घरच्या ताटाचा हिशेब लागतो. जाईबाईने निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे केले. ते ऐकून केशरबाईने रोडग्यांवर पुरण केलं. तिसऱ्या घरी रोडगे, पुरण आणि कढी. मे महिन्यात सरकारने दिलेलं पोलकं मला होईना. पगाराचा पत्ता नाही आणि गडी रोज वजनाने वाढतोय, असा सरकारी नोकर दुसरा पाहिला नसेल कुणी.

आणि चढाओढ नुसती ताटाची राहिली नाही. जाईबाईने ओसरीवर बसवलं हे कळल्यावर केशरबाईने माजघराच्या उंबऱ्यात पाट मांडला. त्या चार जणींची बाळंतपणं सुखरूप झाली, आणि ज्या घरी मूल झालं त्या घरी पाट आणखी आत गेला. ‘माणिकबाई. पुरणपोळी. सहा हात.’ कोण मनापासून आत घेत होतं आणि कोण शेजारणीचं नाक कापायला, ते मी तपासलं नाही. मी आपली हात मोजत होते.

फक्त पार्बताबाई अंगणातच. ठरावाप्रमाणे ती रोज माझ्याबरोबर यायची, आणि मी उंबऱ्यापाशी पोचले की मागे वळून बघावं तर ही खाली बसलेली, फडक्यातून स्वतःची जेवायची पितळी काढून. “चाल ना वं आत,” मी म्हणायची. “मले इथं वारा लागते,” ती म्हणायची. वारा! मे महिन्यात, वऱ्हाडात! माझी चटई मी सरकवू शकत होते. तिला कशी सरकवणार? आणि घरातलं कुणी ‘या’ म्हणायचं नाही. मी आत जेवायची आणि प्रत्येक घास रागाने गिळायची.

त्यात खुशालरावांनी एक उद्योग केला. आपली व्यवस्था किती झकास चालली आहे हे वर कळावं म्हणून त्यांनी मला न विचारता पत्र धाडलं: ‘नर्सबाई रोज पक्वान्न जेवून राहिल्या आहेत व त्यांची तब्येत उत्तम सुधारली आहे.’ महिन्याने उत्तर आलं. ‘स्थानिक व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळले. सबब वेतनाची निकड नसल्याने प्रकरण यथाक्रम घेण्यात येईल.’

मी पत्र वाचलं आणि चावडीवरचा तांब्या उचलला. तो मी कुणाला मारणार होते हे मलाही माहीत नव्हतं. खुशालराव खांबाआडून म्हणाले, “पन बाई, समाधानकारक म्हनलं हाय ना!” त्यांनी ते पत्र काचेत बसवून चावडीवर टांगलं. मी दुसऱ्या दिवशी जेवताना एक पोळी कमी खाल्ली. तब्येत उतरली तरच पगार येणार होता ना!

ऑगस्ट उजाडला. सरपंचांच्या घरची पाळी पाच दिवसांवर आली आणि वच्छलेला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. भर दुपारी बोलावणं आलं. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत कंदील लावून मी तपासलं. बाळ पायाळू होतं. पुस्तकात त्याचं चित्र होतं, खाली लिहिलं होतं, ‘त्वरित रुग्णालयात न्यावे.’ बाहेर नाला दुथडी भरून वाहत होता आणि मोटार तीन दिवस आली नव्हती.

“सरक जराशी,” पार्बताबाई म्हणाली.

तिने कोपरापर्यंत हात माझ्या साबणाने धुतले. तेवढं मी तिला शिकवलं होतं. बाकीचं त्या दुपारी तिने मला शिकवलं. घाई नाही, ओढाताण नाही. वच्छलेशी ती सारखी बोलत होती, तिच्या नवऱ्याच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होती, आणि तिचे ते काटकुळे हात आपलं काम करत होते. तासाभराने पोरगं रडलं. मग वच्छला रडली. मग मी रडले, आणि मी काही रडणारी बाई नव्हे.

खुशालरावांच्या पत्नी गंगूबाई लुगडं-चोळी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे वाकल्या. मी मागे सरले. “मले नोको. पोट्टं हिनं काढलं,” मी सांगितलं. “मी नुसती कंदील धरून उभी होतो.”

गंगूबाई पार्बताबाईकडे वळल्या. “पार्बताबाई, काय पाहिजे थे माग. पायली नोको पाहू, पोतं माग.”

पार्बताबाई बाळाला पुसत होती. मान वर न करता, थट्टेतच म्हणाली, “तव्यावरची गरम भाकर दे पाटलीनबाई. चुलीपुढं.”

गंगूबाईंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. पार्बताबाईचं हसू हळूहळू ओसरलं, कारण आपण खरंच मागून बसलो हे तिच्याही ध्यानात आलं. गंगूबाईंनी नातवाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“बुधवारी पाळी हाय,” त्या म्हणाल्या. “दोघी या.”

मंगळवारभर पार्बताबाई आजारी पडायची कारणं शोधत होती. मी थर्मामीटर दाखवला. बुधवारी तिने धुवट लुगडं नेसलं आणि आम्ही निघालो, तर सरपंचांच्या अंगणात सायकल टेकवलेली. विकास ब्लॉकच्या हापिसातला शिपाई सहदेव ओसरीवर बसून पाणी पीत होता. त्याच्या मांडीवर कातडी पिशवी होती, आणि पिशवीत माझा साडेचार महिन्यांचा पगार.

“फाईल सापडली बाई!” तो आनंदाने ओरडला. “करा सही!”

अकोल्याला आई साडेचार महिने दुसऱ्यांची धुणी धुऊन माझी वाट पाहत होती. मी पुढे झाले, दौतीकडे हात केला. तेवढ्यात खुशालरावांनी सोबतचं पत्र मोठ्याने वाचलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

“‘वेतन अदा होताच स्थानिक अंतरिम व्यवस्था समाप्त समजावी.’” त्यांनी पत्राची घडी घातली. “झालं. सही केली का व्यवस्था खतम. आता आज जेवाचं कायी... मनजे... सरकारचाच हुकूम हाय, बाई. माह्या हातात काय हाय?”

बिचारे पाच दिवस झोपले नव्हते. भाऊबंद काय म्हणतील, भातकुलीचे व्याही काय म्हणतील, याने त्यांना घेरलं होतं. मागे पार्बताबाई हळूच वळली. तिच्या पाठीकडे पाहिलं आणि मी दौतीवरचा हात काढून घेतला.

“मी सही नाई करत,” मी म्हणाले.

“आँ?” सहदेव म्हणाला.

“सही केली का व्यवस्था खतम, बरोबर? मंग सही नाई केली तोवर व्यवस्था चालू. अन् चालू हाय तोवर आज या घरची पाळी, अन् ठरावात लिवलं हाय, नर्सबाई व त्यांची मदतनीस. आधी जेवन, मंग सही.”

“अवो बाई, चार वाजता हापिस बंद होते!” सहदेव रडकुंडीला आला. “आज सही नाई झाली तं रक्कम वापस. मंग पुन्हा कवा येईल, देवच जाने!”

“जाऊ दे वापस,” मी म्हणाले. जीभ दातांच्या बाहेर निघालेली होती. पार्बताबाईने माझा पदर ओढला. “पोरी, याडी का तू? सई कर. तुही माय वाट पाहून राह्यली.”

“तू गप.”

“सही करा अन् जेवा,” खुशालराव म्हणाले.

“जेवतो अन् करतो,” मी म्हणाले.

“जेवू द्या ना राजेहो कोनालेही, पन लवकर!” सहदेव ओरडला. “अन् मलेही भूक लागली!”

आम्ही तिघं एकाच वेळी बोलत होतो. शेजारच्या भिंतीवर माणिकबाई आणि केशरबाई हनुवटी टेकून उभ्या होत्या. खुशालराव पत्र फडकवत होते, मी ठराव पाठ म्हणत होते, सहदेव घड्याळ दाखवत होता. या गोंधळात आतल्या दारात गंगूबाई येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पिठाने भरलेले. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही.

“पार्बताबाई,” त्या म्हणाल्या, “ये ना वं. तवा तापला. भाकर जळते.”

पार्बताबाई उंबऱ्यापाशी गेली आणि थांबली. एक पाय उचलला, खाली ठेवला. मला बोलायचं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा जीभ दाबून धरली. तिने फडक्यातली स्वतःची पितळी बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि उंबरा ओलांडला.

चुलीपासून दीड हातावर दोन पाट होते. गंगूबाईंनी भाकर थापली, तव्यावर टाकली, विस्तवावर फुगवली आणि फुगलेली तशीच पार्बताबाईच्या ताटात ठेवली. भाकरीतून वाफ निघाली. पार्बताबाईने ती मोडली, बोटं चटकली, तिने फुंकर घातली. वांग्याच्या भाजीत बुडवून घास तोंडात घातला. ओसरीवरून खुशालराव आणि सहदेवही वाकून पाहू लागले. गंगूबाईंचा हात परातीतच थांबलेला.

पार्बताबाईने घास सावकाश चावला आणि गिळला.

“गंगू,” ती म्हणाली, “भाजीत मीठ कमी हाय.”

चाळीस वर्षं अंगणात बसून या बाईने कधी कुणाच्या भाजीला नाव ठेवलं नव्हतं. गंगूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भाजीच्या पातेल्याकडे. बोट बुडवून चाखलं. “खरंच की वं माय!” त्या म्हणाल्या आणि उठल्या. फळीवरची मिठाची बरणी काढली, झाकण उघडलं आणि चिमूट न वाढता अख्खी बरणीच पार्बताबाईच्या ताटाशी ठेवली.

“घे तुह्या हातानं,” त्या म्हणाल्या.

पार्बताबाईने हात लुगड्याला पुसला. बरणीत घातला. चिमूटभर मीठ काढून आपल्या भाजीवर टाकलं, मग माझ्या भाजीवर टाकलं, आणि तो एकच दात दाखवून इतकी हसली की मला घास लागला.

“बाई, सही!” ओसरीवरून सहदेव ओरडला.

“थांब रे,” गंगूबाई आतून ओरडल्या, “पार्बताबाईले दुसरी भाकर देऊन राह्यली मी.”